बाटलीवरचे नाव आणि बाटलीतील द्रव्य
चाकाचे पंक्चर बुजविणाऱ्या द्रव्यांविषयी उपयुक्त माहिती

बैलगाडीच्या चाकाला पूर्वी लोखंडी धाव असे. अशा चाकाला काट्याचे भय नव्हते. परंतु ती धाव रस्ता कापीत जाई, मऊ रानात रुते आणि बैलांच्या मानेवर भार टाकी. हवेच्या टायरने हा त्रास पुष्कळसा दूर केला. तीच बैलजोडी आता अधिक ओझे कमी श्रमात ओढते. ट्रॅक्टर, ट्रॉली, मोटारसायकल आणि सायकल ही वाहनेही हवेवरच चालतात. मात्र हवेबरोबर काट्याचे भय आले. ऊसतोडीच्या दिवसांत भरलेली गाडी वाटेत बसली म्हणजे बैल, गाडीवान व ऊस सारेच उन्हात खोळंबतात आणि तोडलेल्या उसाचे वजन व उतारा घटू लागतो. पेरणीच्या वेळी ट्रॅक्टर अडला तर वापसा निघून जातो. पंक्चर काढण्यास लागणारे पैसे थोडे असतात. खरे नुकसान वेळ गेल्याने होते.

हे नुकसान टाळण्याचे आश्वासन देणाऱ्या बाटल्या व डबे आता बाजारात मिळतात. व्हॉल्व्हमधून हे द्रव्य चाकात सोडले की काटा लागला तरी भोक आपोआप बुजते, असे त्यांवर लिहिलेले असते. हा दावा सर्वस्वी खोटा नाही, तसाच तो सर्व चाकांच्या बाबतीत खराही नाही. म्हणून या द्रव्यांत काय असते, ती कोणत्या चाकात काम देतात व कोणत्या चाकात देत नाहीत, याची माहिती शेतकरी बंधूंना व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना असावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

नावांची गंमत आणि तिचे कारण

या द्रव्यांची नावे मोठी चमत्कारिक असतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९८९ साली सुरू झालेल्या एका प्रसिद्ध हिरव्या द्रव्याचे नाव ‘स्लाइम’ असे आहे. स्लाइम म्हणजे बुळबुळीत, चिकट घाण. सोयाबीनवर येणारी शंखी गोगलगाय ज्या स्रावावरून सरकत जाते, त्याला इंग्रजीत हाच शब्द लावतात. दुसऱ्या एका डब्याचे नाव ‘फिक्स-अ-फ्लॅट’, म्हणजे बसलेले चाक नीट करा. तिसरे ‘नोट्यूब्ज’, म्हणजे ट्यूबच नको. युरोपात सायकलींसाठी मिळणाऱ्या एका पांढऱ्या द्रव्याला ‘कॅफेलाटेक्स’ असे दुधाच्या कॉफीची आठवण करून देणारे नाव आहे. इंग्लंडमधील ‘मक-ऑफ’ या कंपनीच्या नावातील मक म्हणजे चिखल किंवा गोठ्यातील शेणघाण. सायकल धुण्याच्या गुलाबी द्रवावरून नावारूपास आलेली ही कंपनी पंक्चर बुजविणारे द्रव्यही विकते आणि त्याचे नाव ‘पंक्चरची कटकट नाही’ अशा अर्थाचे आहे.

अशी नावे केवळ गमतीखातर ठेवलेली नसतात. आपल्या देशातील १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणे, मालाचा प्रकार किंवा गुण सरळ सांगणारा शब्द सर्वसाधारणपणे कोणा एकाच्या नावे नोंदविता येत नाही. इतर देशांतही तत्त्व हेच आहे. ‘पंक्चर बुजविणारे द्रव्य’ हे शब्द सर्वांचे आहेत, त्यांवर कोणा एका कारखानदाराला हक्क सांगता येत नाही. तोच कारखानदार ‘बुळबुळीत घाण’ असे नाव घेऊन आला, तर ते नाव त्याचे एकट्याचे होऊ शकते, आणि गिऱ्हाईकही ते विसरत नाही. तात्पर्य, माल कोणाचा आहे एवढेच व्यापारी नावावरून कळते. माल कशाचा आहे हे सांगणे त्याचे काम नव्हे.

नाव राहते, वस्तू बदलते

हवेच्या टायरचा इतिहासही या दृष्टीने बोधप्रद आहे. हवा भरलेल्या चाकाची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी इंग्लंडमध्ये १८४५ साली नोंदविली होती. पण ती मागे पडली. पुढे १८८८ साली बेलफास्ट शहरातील जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी रबरी नळीचे चाक बनविले आणि तेथून हवेचे टायर जगभर पसरले. डनलॉप हे व्यवसायाने पशुवैद्य होते, ही गोष्ट पशुपालकांना विशेष वाटेल. ट्रॅक्टरला हवेचे टायर त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आले. अमेरिकेतील ॲलिस-चाल्मर्स कंपनीने १९३२ साली तसा ट्रॅक्टर बाजारात आणला.

डनलॉप हे पुढे कंपनीचे नाव झाले. १९३६ साली पश्चिम बंगालमधील साहागंज येथे तिचा कारखाना निघाला. हवेच्या टायरच्या बैलगाडीस आपल्याकडे ‘डनलॉप गाडी’ असे नाव पडले. साहागंजचा कारखाना पुढे बंद पडला, गाडीला दुसऱ्याच कंपनीचे टायर बसले, तरी गाडी ‘डनलॉप’च राहिली. माती उकरणाऱ्या कोणत्याही यंत्राला आज गावोगाव ‘जेसीबी’ म्हणतात. वास्तविक ती जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराच्या नावाची आद्याक्षरे आहेत.

गाडीच्या बाबतीत यात बिघडत काही नाही. औषधाच्या बाबतीत मात्र बिघडते. ‘थिमेट’ हे व्यापारी नाव शेतकऱ्यांच्या तोंडी अनेक वर्षे होते. त्यातील औषध फोरेट. ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेटवर देशात पूर्ण बंदी आहे. ज्याला थिमेट एवढेच माहीत आहे, त्याला ही बंदी आपल्याला लागू आहे हे कसे कळावे? कीटकनाशकाच्या डब्यावर व्यापारी नावाबरोबर आतील औषधाचे नाव आणि विषारीपणा दाखविणारा रंगीत त्रिकोण छापण्याचे बंधन आहे ते यासाठीच. औषधाच्या डब्यावर आतील द्रव्याचे नाव शोधण्याची जी सवय आपण लावून घेत आहोत, तीच पंक्चरच्या बाटलीलाही लावावयाची आहे.

बाटलीत असते काय?

नावे शेकडो असली तरी द्रव्ये मुख्यतः दोन जातींची असतात.

पहिल्या जातीत पाणी व ग्लायकॉल यांच्या दाट मिश्रणात बारीक तंतू आणि रबराचा चुरा मिसळलेला असतो. ग्लायकॉलमुळे पाणी लवकर सुकत नाही. भोक पडले म्हणजे आतील हवा बाहेर पडताना हे मिश्रण आपल्याबरोबर भोकाकडे ढकलते. तंतू भोकात आडवे अडकतात, त्यांवर रबराचे कण बसतात आणि बूच तयार होते. पाटाच्या बांधाला लहान भगदाड पडले असता त्यात काडीकचरा अडकून वर गाळ बसतो व पाणी थांबते, तसाच हा प्रकार आहे. अशी द्रव्ये साधारण दोन वर्षे टिकतात असे त्यांचे उत्पादक सांगतात.

दुसऱ्या जातीत रबराच्या झाडाचा किंवा कृत्रिम चीक असतो. वडाची फांदी मोडली किंवा कच्च्या पपईला चीर दिली म्हणजे पांढरा चीक येतो व थोड्या वेळात घट्ट होऊन जखम बंद करतो. रबराच्या झाडाचेही तसेच आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग भागात ज्यांनी रबराची लागवड पाहिली आहे त्यांना हे ठाऊक असेल. हा चीक बाटलीत गोठू नये म्हणून त्यात बहुधा अमोनिया घातलेला असतो. भोकातून बाहेर पडताना तो गोठतो व भोक बंद करतो. या जातीचे द्रव्य लवकर काम करते, पण काही महिन्यांतच आतल्या आत सुकते. उष्ण हवेत तर ते अधिकच लवकर सुकते. मुख्यतः ट्यूबलेस टायरच्या सायकलींसाठी ते वापरतात.

यांशिवाय दाबाने भरलेले फवाऱ्याचे डबेही मिळतात. त्यांत द्रव्याबरोबर वायू असतो, त्यामुळे भोक बुजण्याबरोबर चाकात थोडी हवाही भरली जाते. वाटेत अडकल्यावर दुरुस्तीच्या दुकानापर्यंत पोहोचण्यापुरता त्यांचा उपयोग आहे. ही कायमची दुरुस्ती समजू नये.

चाकाची गती आणि द्रव्याची वाटणी

द्रव्य टायरच्या आतून सर्व बाजूंना पसरलेले असले तरच ते भोकापर्यंत पोहोचेल. वेगाने फिरणाऱ्या चाकात ते बाहेरच्या बाजूस फेकले जाऊन आपोआप पसरते. गोफण फिरविताना दगड जसा बाहेर ओढ घेतो, तशीच ही ओढ होय. परंतु ही ओढ वेगावर अवलंबून असते आणि शेतीच्या वाहनांच्या बाबतीत नेमका येथेच फरक पडतो.

बैलगाडीच्या चाकाचा व्यास सुमारे पाऊण मीटर धरला व गाडी ताशी ४ किलोमीटर चालली, तर बाहेर फेकणारी ओढ ही द्रव्याच्या वजनाच्या केवळ एकतृतीयांश भरते. म्हणजे द्रव्य वर चढून चिकटून राहत नाही, ते तळाशीच साचून राहते. ते सर्व बाजूंना टिकून राहण्यास त्या चाकाला ताशी सुमारे ७ किलोमीटर वेग हवा. सव्वा मीटरहून थोड्या अधिक व्यासाच्या ट्रॅक्टरच्या मागील चाकाला ताशी सुमारे ९ किलोमीटर वेग लागतो, आणि नांगरट तर ताशी ४ ते ५ किलोमीटर वेगाने चालते. उलट, तेवढ्याच पाऊण मीटर व्यासाच्या चाकाची ट्रॉली रस्त्याने ताशी २५ किलोमीटर धावली तर ही ओढ वजनाच्या सुमारे तेरापट होते. मोटारसायकलीत ताशी ४० किलोमीटर वेगाला ती चाळीसपटीच्या घरात जाते.

यावरून असे दिसते की, मोटारसायकल व रस्त्याने चालणारी ट्रॉली यांच्यासाठी केलेले पातळ द्रव्य बैलगाडीत तितकेच काम देईल असे नाही. संथ चाकासाठी दाट, भिंतीला माखून राहणारे द्रव्य हवे. रस्त्यावरील वाहनांसाठी व शेतातील वाहनांसाठी वेगळी द्रव्ये करणारे उत्पादक आहेत. बाटली कोणत्या वाहनासाठी आहे हे वाचल्याशिवाय घेऊ नये.

उपयोग कोठे होतो, कोठे होत नाही

काटा, तार किंवा खिळा यांनी टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात पडलेले लहान भोक, हे या द्रव्याचे खरे कार्यक्षेत्र आहे. ट्यूबलेस टायरमध्ये सुमारे ६ मिलिमीटरपर्यंत व ट्यूबमध्ये सुमारे ३ मिलिमीटरपर्यंतचे भोक बुजते, असे चांगल्या द्रव्याचे उत्पादक सांगतात. ट्यूब ताणलेली व पातळ असल्याने तिचे भोक फाटत जाते, म्हणून ही मर्यादा कमी आहे.

पुढील ठिकाणी या द्रव्यावर विसंबू नये.

टायरची बाजू कापली गेली असेल तर. बाजूचा भाग प्रत्येक फेऱ्यात वाकतो, त्यामुळे तेथे बूच टिकत नाही.

नांगराच्या फाळाने, दगडाने किंवा काचेने लांब चीर पडली असेल तर.

ट्यूबचा व्हॉल्व्ह बुडाशी फाटला असेल तर.

ट्यूब जुनी होऊन जागोजागी ठिगळे लागली असतील तर.

वजनासाठी ट्रॅक्टरच्या मागील टायरमध्ये पाणी भरले असेल तर. त्या पाण्यात द्रव्य पातळ होऊन निकामी होते.

बसलेल्या चाकावर ओझ्यासह बरेच अंतर गाडी चालविली गेली असेल, तर टायरच्या आतील धागे तुटलेले असण्याचा संभव असतो. असे टायर उतरवून आतून पाहिलेच पाहिजे. वरून भोक बुजले म्हणून त्यावर उसाने भरलेली ट्रॉली घाटातून उतरविणे म्हणजे जिवाशी खेळणे होय. तसेच द्रव्यामुळे हवा टिकली तरी काटा आतच राहिलेला असू शकतो व तो ट्यूबला पुन्हा पुन्हा टोचतो. यासाठी द्रव्य भरलेल्या चाकाचीही आठवड्यातून एकदा हवा मोजावी आणि टायरवरून नजर फिरवून काटे चिमट्याने काढावेत.

घ्यावयाची काळजी

काही द्रव्यांत एथिलीन ग्लायकॉल असते. हे विष चवीला गोड असते. कुत्री, वासरे ते चाटतात आणि त्याने मूत्रपिंडे निकामी होऊन जनावर दगावते. सांडलेले द्रव्य मातीने झाकून ती माती उचलून टाकावी. रिकाम्या बाटल्यांत पाणी, तेल किंवा पशूंचे औषध भरू नये. मुलांच्या हाती बाटली लागू देऊ नये.

फवाऱ्याच्या काही डब्यांतील वायू ज्वालाग्राही असतो. असा फवारा मारलेले चाक दुरुस्तीस देताना कारागिरास तसे आवर्जून सांगावे, म्हणजे तो आधी मोकळ्या जागेत सर्व हवा काढून टाकील. चाकावर टायर असताना रिमला वेल्डिंग करणे कोणत्याही परिस्थितीत धोक्याचे आहे. आत ज्वालाग्राही वायू असल्यास स्फोट होऊन माणूस दगावू शकतो. डबा उन्हात किंवा ट्रॅक्टरच्या इंजिनाजवळ ठेवू नये.

ट्यूबला द्रव्य लागलेले असले तर ठिगळ चिकटत नाही. ग्लायकॉलचे द्रव्य पाण्याने धुऊन, जागा कोरडी करून व घासून मगच ठिगळ लावावे. कारागीर नाराज होतो तो याच कारणाने. त्याला आधी सांगितले तर त्याचा वेळ वाचतो.

गावात करावयाचे प्रात्यक्षिक

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना याचे प्रात्यक्षिक थोड्या खर्चात दाखविता येईल. एक जुनी पण न गळणारी सायकलची ट्यूब टायरसह घ्यावी. व्हॉल्व्ह काढून सुमारे १२० मिलिलिटर द्रव्य आत सोडावे, हवा भरावी व चाक पाच मिनिटे फिरवावे. नंतर टायरच्या मधल्या भागात बाभळीचा काटा टोचून बाहेर काढावा आणि भोक खाली येईल असे चाक धरून पुन्हा फिरवावे. भोकाच्या जागी साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. दुसऱ्या भोकासाठी मोठा खिळा घ्यावा व तिसरे भोक टायरच्या बाजूस पाडावे. कोणते भोक बुजते व कोणते बुजत नाही हे लोकांनी स्वतः पाहिले, म्हणजे वेगळे व्याख्यान देण्याची जरुरी राहणार नाही. तेच चाक एक महिना तसेच ठेवून हवा पुन्हा मोजली, तर द्रव्य टिकाऊ आहे की नाही हेही समजते.

काट्याचा बंदोबस्त मुळातच करावा

चाकात द्रव्य भरण्यापेक्षा वाटेवरचा काटा काढणे स्वस्त पडते. वेडी बाभूळ तोडल्यावर तिच्या फांद्या गाडीवाटेवर पडू देऊ नयेत. कुंपणासाठी काटेरी फांद्या ओढून नेल्यावर वाट झाडून घ्यावी. तुरीची व कपाशीची कापणी तिरक्या घावाने केली म्हणजे उभी राहिलेली धसकटे भाल्यासारखी होतात. ट्रॅक्टरच्या पुढील टायरचे ती मोठे शत्रू आहेत. धसकटे जमिनीलगत कापावी किंवा यंत्राने बारीक करून जमिनीत मिसळावी. त्याने सेंद्रिय पदार्थही रानातच राहतो.

सायकलीचा मोठा वैरी सराटा. पसरट वाढणारे, पाच पाकळ्यांच्या पिवळ्या फुलाचे हे तण बांधावर व वाटेच्या कडेला सर्वत्र आढळते. अमेरिकेत त्याला ‘पंक्चरवेल’ म्हणतात आणि त्याच्या काट्याला ‘बोकडाचे डोके’. त्याच्या शास्त्रीय नावातील ट्रिब्युलस हा शब्द घोड्यांच्या वाटेत टाकावयाच्या लोखंडी काट्यांच्या ग्रीक नावावरून आला आहे. आपल्या पूर्वजांनी गोक्षुर हे नाव गाईच्या खुरावरून दिले. पंक्चर बुजविणाऱ्या द्रव्याच्या नावावरून आत काय आहे हे कळत नाही. या तणाला मात्र जेथे ज्याला ते बोचले त्याने तेथे तसे खरे नाव दिले आहे. सराट्याचा अमेरिकेत एवढा उपद्रव झाला की १९६१ साली इटलीहून दोन जातींचे सोंडकिडे आणून तेथे सोडण्यात आले. त्यांपैकी एक बी पोखरतो व दुसरा खोड.

आपल्याकडे खुरपे पुरेसे आहे. फुले दिसू लागताच, फळे धरण्यापूर्वी, मुळासह रोप उपटावे. फळ पिकले म्हणजे त्याचे पाच काटेरी तुकडे होतात आणि त्यांतील बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. फळे धरलेली रोपे बांधावर न टाकता गोळा करून जाळावी. शाळेच्या वाटेवरील सराटे पावसाळ्यात दोन वेळा काढले, तर मुलांच्या सायकलींची पंक्चरे निश्चित कमी होतील.

खरेदी करताना

दुकानात बाटली हाती घेतली म्हणजे नाव बाजूस ठेवून पाच गोष्टी वाचाव्यात. द्रव्य ग्लायकॉलचे आहे की चिकाचे? ट्यूबसाठी आहे की ट्यूबलेस टायरसाठी? शेतातील संथ वाहनासाठी आहे की रस्त्यावरील? किती मोठ्या भोकापर्यंत व किती दिवस काम देते? तयार केल्याची तारीख कोणती? यांपैकी काही लिहिलेले नसेल तर दुकानदारास विचारावे, आणि उत्तर न मिळाल्यास बाटली परत ठेवावी. मग आपल्या वाहनाला वर्षात किती पंक्चरे होतात, त्यांवर किती पैसे व किती दिवस जातात, याचा हिशेब मांडावा व द्रव्याच्या किंमतीशी ताडून पाहावा. काटेरी रानातून रोज फिरणाऱ्या मोटारसायकलीस हा खर्च परवडेल. गोठ्यात उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरला तो परवडेलच असे नाही.

द्रव्य भरले तरी ठिगळाचे सामान, पंप व हवा मोजण्याचे साधन गाडीबरोबर असावेच. द्रव्य निकामी ठरले तर वाटेत तेच उपयोगी पडेल.